मोठा शिशु, दुसरं सत्र: आत्तापर्यंत नेमकं काय यायला हवं?

पालक_सांगली

मुलगी मराठी माध्यमात मोठ्या शिशुत आहे, वय ५ वर्षं ४ महिने. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली. वर्गात पंधरा-सोळा अक्षरं झालीत, पण तक्त्याच्या क्रमाने नाहीत. क, म, ळ, न, ब अशी कुठूनही उचलल्यासारखी वाटतात. कमळ, नळ, बदक, मामा हे ती वाचते, 'किडा' दाखवलं की अडते. आकडे शंभरापर्यंत म्हणते, पण पंचवीस लिही म्हटलं की ५२ लिहिते. वहीत दिवसाला एखादंच अक्षर, तेही मोठ्या चौकटीत. शेजारच्या मुलाला रोज दोन पानं लेखन असतं. आमची शाळा मागे आहे, की क्रमच असा असतो? घरी काय घ्यावं?

शिशुवर्ग_ताई

शाळा मागे नाही. उलट वर्णन वाचून तुमच्या बाई विचार करून शिकवताहेत असं दिसतं.

तक्त्यातली मांडणी उच्चारस्थानांची आहे: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. भाषेच्या अभ्यासाला ती उत्तम, पण क, ख, ग, घ, ङ एवढ्यावर पाच वर्षांच्या मुलाच्या ओळखीचा शब्द बनत नाही. क, म, ळ, न, ब, द ही सहा अक्षरं झाली की कमळ, नळ, बदक, मन, बन, कळ असे कितीतरी शब्द लगेच हाती येतात. आपण वाचतोय हे मुलाला पहिल्या महिन्यातच कळतं. त्यानंतर काना: काका, मामा, कान, नाक, दाम. या सुमाराला मुलं साधारण इथेच असतात.

'किडा'वर अडणं अगदी स्वाभाविक आहे. ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकतंच शिकलेलं मूल 'इ-क' म्हणणारच. म्हणून दीर्घ वेलांटी आधी घ्या. ती उच्चाराच्या क्रमानेच येते, शिवाय मराठी शब्दाच्या शेवटी बहुतेक वेळा दीर्घच असते ('आणि'सारखे अपवाद सोडले तर), त्यामुळे मी, नदी, काकी, पाणी असे भरपूर शब्द मिळतात. आठ-दहा दिवसांनी ऱ्हस्व घ्या, ते असं: 'क'चं कार्ड ठेवा, मुलीला 'क' म्हणू द्या, मग वेलांटीची वेगळी पट्टी तिच्याच हाताने 'क'च्या आधी ठेवायला लावा आणि 'कि' म्हणा. किडा, दिवा, विळी, चिमणी. ऱ्हस्व-दीर्घाची शुद्धलेखनाची चर्चा आत्ता नको.

अडचण अजून एका जागी येते. मूल 'क… म… ळ…' तुटक म्हणतं आणि शब्द काही जुळत नाही. प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून थांबायची सवय लागली की असं होतं. बोट शब्दाखालून न उचलता सरकवायचं आणि आवाजही न तोडता न्यायचा. सुरुवातीला दोनच अक्षरी शब्द.

या सगळ्याच्या आधी कान तयार हवा. पुस्तक न उघडता रोज पाच मिनिटं: का-ग-द म्हणत तीन टाळ्या, कप, कमळ, बदक यांतला सुरुवातीला वेगळा कोण, 'नळ'मधला 'न' काढून 'फ' घातला तर काय? हे जमत असेल तर वाचन अडत नाही. हे जमत नसेल तर अक्षरं कितीही घोटली तरी उपयोग होत नाही.

च, ज, झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. चमचा आणि चक्र, जाळं आणि जिलबी, झाड आणि झेंडा. पहिल्या फेरीत प्रत्येकाचा एकच उच्चार घ्या.

अक्षर_वळण

लेखनाबद्दल. दोन पानं ऐकून घाबरू नका. या वयात दहा मिनिटं नीट बसून लिहिलेलं एक अक्षर दोन पानांपेक्षा मोलाचं. तिसऱ्या ओळीपासून मूल वरच्या ओळीतलं स्वतःचंच अक्षर उतरवतं, चुकीसकट, आणि तेच वळण हातात बसतं. मग पहिलीत ते मोडायला वर्ष जातं.

क्रम: आधी अक्षराचा मुख्य आकार, मग उभा दंड, शिरोरेषा शेवटी. बरीच मुलं आधी रेघ मारून अक्षरं तिला टांगतात. मग उंची कमी-जास्त होते आणि शब्दातलं अंतर बिघडतं. घ-ध आणि म-भ यांतला फरक डोक्याशीच आहे. घ आणि म यांची शिरोरेषा सलग, ध आणि भ यांना डावीकडे गाठ. ही जोडी एकाच आठवड्यात शिकवू नका. 'ख' लिहिताना र आणि व खाली जोडलेले नसतील तर 'रव' वाचलं जातं, तो जोड आधी बोटाने गिरवून घ्या.

पेन्सिल मुठीत धरत असेल तर टोकू नका. मेणखडूचे अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे करून द्या. तुकडा इतका लहान असला की मुठीत धरताच येत नाही, आपोआप तीन बोटांत येतो. कणीक मळणं, कपड्यांचे चिमटे लावणं, मटार सोलणं, कागद फाडून चिकटवणं, हे सगळं लेखनाचंच काम आहे. ताटात बोटाच्या पेराहून कमी जाडीचा रव्याचा थर पसरून त्यात अक्षर काढू द्या. थर जाड झाला तर रेघ बुजते. खुर्चीवर बसवत असाल तर पाय टेकले पाहिजेत, लोंबकळते नकोत. डावखुरी असेल तर हात बदलू नका, वही थोडी उजवीकडे कलती ठेवा.

गणितपेटी

२५ चं ५२ होणं हा मुलीचा दोष नाही, तिने जे ऐकलं ते तिने लिहिलं. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी बोलतो, वीस नंतर. एकोणतीसची तऱ्हा अजून अवघड: ऐकू येतं 'तीस', लिहायचे २९. तिथे ३१ किंवा ३९ लिहिणारी मुलं सगळीकडे दिसतात. याच अडचणीमुळे बालभारतीने २०१९ च्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धतही दिली होती, त्यावर बराच वाद झाला. घरी दोन्ही वापरा: पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच.

पण त्याआधी शंभर म्हणणं बाजूला ठेवा. शंभरापर्यंत म्हणणं हे पाठांतर आहे. तपासायचं असेल तर टेबलावर चौदा चिंचोके विखरून टाका आणि मोजायला सांगा. एकच चिंचोका दोनदा मोजते का? मोजून झाल्यावर 'किती?' विचारलं तर पुन्हा एकपासून सुरू करते का? करत असेल तर शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे अजून पक्कं नाही. मग वीसच्या पुढे जाऊ नका. मोजलेला चिंचोका वाटीत टाकायला लावा, दुबार मोजणं थांबतं.

दशकासाठी आइस्क्रीमच्या काड्या. दहा झाल्या की रबर लावायचं, आणि ते तिनेच लावायचं. तयार गठ्ठे दिले तर ते तिच्यासाठी दहा राहत नाहीत, एक वस्तू होतात. दोन गठ्ठे डावीकडे, पाच सुट्या उजवीकडे, खाली आकड्यांची कार्डं. २५ लिहिण्याची अडचण यानेच सुटते, पंधरा-वीस दिवस द्या.

३ आणि ६ उलटसुलट होणं या वयात चालतं. इंग्रजी आकडेही सुरू असतील तर मराठी १ इंग्रजी नऊसारखा आणि मराठी ४ इंग्रजी आठासारखा दिसतो. दोन्हींचा सराव एकाच दिवशी नको.

शिशुवर्ग_ताई

एक राहिलं. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या तालमींत वर्गाचे दोन-तीन आठवडे जातात, तेव्हा नवीन अक्षर कमी दिसलं तर काळजी नको. परिसराचं काम मात्र थंडीतच छान होतं. मटकी रात्रभर भिजत घाला, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात दिवसभरात मोड येतात, आत्ता दीड-दोन दिवस लागतील, फडकं सुकू देऊ नका. रोज एक चित्र, अशी चार चित्रं काढून क्रमाने लावायला सांगा आणि तिच्या शब्दांत वर्णन करू द्या. 'आधी', 'मग', 'शेवटी' हे शब्द वापरून सलग चार वाक्यं आली पाहिजेत. मोठ्या शिशूच्या मध्यावर मला हे शंभर आकड्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि दोन सूचना एकदम दिल्यावर ('डबा धुवायला ठेव आणि चपला आत आण') तिला नेहमीच दुसरी कळत नसेल, किंवा सर्दी सारखी होत असेल, तर कान तपासून घ्या. नीट ऐकू न येणारं मूल लक्ष देत नाही असा समज होतो.

पालक_सांगली

चिंचोक्यांचं करून पाहिलं. चौदा बरोबर मोजले, पण 'किती?' म्हटल्यावर पुन्हा एकपासून. काड्या आणल्यात, पण आता घाई करत नाही. अजून एक: घरी आणलेल्या तक्त्यातला 'ल' आणि बाई शिकवतात तो वेगळा दिसतो.

अक्षर_वळण

तो तक्ता हिंदी वळणाचा असणार. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा. शासनाच्या प्रमाण वर्णमालेतही तसेच आहेत. मोबाइलवरच्या बऱ्याच अक्षरओळखीच्या ॲपमध्येही हिंदी वळण असतं. तक्ता फेकू नका, त्या दोन अक्षरांवर कागद चिकटवून बाईंच्या वळणाचे ल आणि श काढा. गिरवायला मात्र तो देऊ नका.