किल्ल्यावरच्या श्रमदानाला लोक दुसऱ्यांदा येत नाहीत. नियोजन कुठे चुकतं?

तटाखाली :
नमस्कार मंडळी. आमची संस्था नोंदणीकृत आहे. राज्य संरक्षित असलेल्या एका गिरिदुर्गावर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी श्रमदान असतं. पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी आहे. सध्या तीन कामं हातात आहेत : कातळात खोदलेलं एक टाकं (15 बाय 12 फूट, आत सरासरी दीड फूट गाळ), मुख्य दरवाजापर्यंतची पायवाट, आणि माचीवर माजलेली घाणेरीची झुडपं.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या मोहिमेला 40-45 जण येतात. जानेवारी उजाडेपर्यंत 12-15 उरतात, आणि तेच सगळं ओढतात. पगार नाही, बंधन नाही, त्यामुळे कुणाला काही सांगायचं कसं हाही प्रश्नच. अनुभवी लोकांनी नेमकं सांगावं. 'उत्साह टिकवा' वगैरे नको, ते आमच्या अध्यक्षांच्या भाषणात दर वेळी असतं.

काळाकातळ :
आधी गणित करा. 15 बाय 12 बाय दीड म्हणजे 270 घनफूट गाळ. ओला गाळ घनफुटाला साधारण 50 किलो भरतो आणि एका घमेल्यात 10 किलोच्या वर घालू नये. म्हणजे सुमारे 1350 घमेली.

साखळी नीट लागली तर मिनिटाला 6 घमेली पुढे सरकतात. विश्रांती, पाणी आणि अदलाबदल धरली तर तासातली 40 मिनिटंच खरं काम होतं, म्हणजे तासाला 240. सकाळी 8 ते 12 मध्ये साडेनऊशेच्या आसपास. थोडक्यात, तुमचं टाकं दीड रविवाराचं आहे. हे आकडे सकाळी चढण्यापूर्वी सगळ्यांना सांगा. 'टाकं साफ करायचंय' म्हटलं की चार तासांनी टाकं तसंच दिसतं आणि माणूस वाटेला लागतो. 'आज 900 घमेली, उरलेली पुढच्या खेपेला' म्हटलं की मोजायला काहीतरी असतं. गाळ टाकायच्या जागी एकाला हातात मोजणीयंत्र देऊन उभं करा, दर शंभराला त्याने ओरडायचं.

40 फुटांच्या साखळीला माणसं अशी लागतात : टिकावाने गाळ मोकळा करणारे 2, फावड्याने भरणारे 3, साखळीत 10 (चार-चार फुटांवर एक, समोरासमोर तोंडं करून, एकाच रांगेत पाठमोरे नाही), रिकामं करणारा 1, रिकामी घमेली परत आणणारे 3, आणि गटप्रमुख. एकूण 20. घमेली किमान 24 हवीत. कमी असली की भरणारे रिकाम्याची वाट बघत बसतात, आणि मग सगळी साखळी गप्पांना लागते.

दर 20 मिनिटांनी शिट्टी आणि जागाबदल. टिकाववाला साखळीत, साखळीतला घमेली आणायला. ही अदलाबदल केली नाही तर दोन दणकट पोरं दिवसभर खणतात, त्यांना दुसऱ्या दिवशी उठता येत नाही, आणि पुढच्या महिन्यात नेमकी तीच येत नाहीत.

बाकीच्या 20-25 जणांना टाक्याजवळ फिरकू देऊ नका. 8-10 चे दोन-तीन गट करून पायवाटेला आणि घाणेरीला लावा. टाकं सगळ्यांना हवं असतं, कारण फोटो तिथे चांगला येतो.

आणि गटप्रमुखाने फावडं हातात घ्यायचं नाही. ही एकच गोष्ट लोकांना पटवायला सगळ्यात जड जाते. 'मी पण राबतो' हे दाखवायला तो खड्ड्यात उतरला की हातमोजे नसलेलं कोण, दगडाच्या धारेवर उभं कोण, कोपऱ्यात नुसता उभा असलेला नवखा कोण, हे बघायला कुणी उरत नाही.

ताकभात :
काळाकातळ यांनी कामाचं सांगितलं, मी माणसांचं सांगते.

नवीन माणूस पहिल्या अर्ध्या तासात गळतो. तो सहाला पायथ्याला येतो, जुने एकमेकांना मिठ्या मारत असतात, हा बॅग धरून उभा. वर पोचल्यावर हत्यारं वाटली जातात तेव्हा ओळखीच्यांनी टिकाव उचललेले असतात. याला जे मिळतं ते म्हणजे दांडा हलणारं फावडं. घरी गेल्यावर तो 'मजा आली' असंच लिहितो, पण परत येत नाही.

उपाय साधा आहे. हजेरी घेणारा माणूस आणि नवीनांना गटात पोचवणारा माणूस वेगळे ठेवा. प्रत्येक गटात नवीन तीनपेक्षा जास्त नकोत आणि प्रत्येक नवीनाला एका जुन्याच्या जोडीला नावानिशी द्या. पायथ्याशीच सांगा : तुम्ही अमुक ताईंच्या गटात, तुमचं काम अमुक, साडेबाराला जेवण, तीनला खाली. उतरायची वेळ आधी सांगणं फार महत्त्वाचं आहे. रविवारी संध्याकाळी घरी काय कबूल केलंय ते प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि 'अजून जरा' करत पाच वाजवलेत तर पुढच्या वेळी घरूनच परवानगी मिळत नाही.

व्हॉट्सॲपवर मोठा गट फक्त सूचनांसाठी ठेवा, लिहायचा अधिकार ॲडमिनना. अंगठा दाखवला म्हणजे येणार असं धरू नका. शिधा निम्म्याच्या थोडा वर धरा आणि गुरुवारी प्रत्येक गटप्रमुखाने आपल्या आठ जणांना फोन करावा. मेसेज नाही, फोन. आठ फोन अर्ध्या तासात होतात, एकट्या सचिवाने 45 करायचे म्हटलं तर कधीच होत नाहीत.

ज्यांना गुडघ्यामुळे चढता येत नाही त्यांना पायथ्याला ठेवा. हत्यारांची मोजदाद, नोंदवही, गावातल्या जेवणाची व्यवस्था, गाड्यांची सोय ही खरी कामं आहेत. 'काका तुम्ही बसा' म्हणालात की काका पुढच्या वेळेपासून घरीच बसतात.

शेवटचं, हिशेब. वर्गणी, डिझेल, जेवण, नवीन दांडे, सगळं तीन दिवसांत गटावर टाका, पावत्यांच्या फोटोसकट. रक्कम दोन हजारांची असली तरी.

पहारपाटी :
दोन्ही प्रतिसाद उत्तम. पण परवानगी आहे एवढ्यावर थांबू नका, परवानगीपत्रात काय लिहिलंय ते गटप्रमुखांना वाचून दाखवा. राज्य संरक्षित स्मारकाला महाराष्ट्राचा 1960 चा कायदा लागतो, केंद्र संरक्षित असेल तर 1958 चा. रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्राकडे आहेत, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर राज्याकडे. जमीन वनखात्याची असेल तर झाडी तोडायला त्यांचंही पत्र लागतं. ते नसताना कोयता चालवला की गुन्हा संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही येऊ शकतो, फक्त हौशी पोरांवर नाही.

स्वयंसेवकांकडून होणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. टाक्याच्या तळाशी पहार मारतात, कातळाला खोक पडते. शेवटची चार बोटं गाळ खुरप्याने आणि हाताने काढायचा. काढलेला गाळ टाक्याच्या वरच्या अंगाला टाकतात, म्हणजे पहिल्या पावसात तो स्वगृही. उताराच्या खालच्या बाजूला टाका, पण कड्यावरून खाली लोटू नका, खाली वाट असते. तटातला पिंपळ किंवा उंबर ओढून काढतात. मुळाबरोबर दोन-तीन चिरे बाहेर येतात आणि पुढच्या पावसाळ्यात तेवढा तट ढासळतो. विभागाने सांगितलं असेल तरच बुंध्याशी कापायचं, मुळाला हात लावायचा नाही. निखळलेले चिरे परस्पर रचणं, त्यात सिमेंट भरणं, शिलालेख तारेच्या ब्रशने घासणं, यातलं काहीही 'सेवा' म्हणून केलं तरी नुकसानच आहे.

गाळात खापरं, तोफगोळा, नाणं काहीही लागलं तर काम थांबवायचं, जागेवरच फोटो, खोली मोजायची, वहीत नोंद, आणि विभागाला कळवायचं. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. खिशात घालून घरी 'जतन' करणारे महाभाग प्रत्येक गटात एक असतोच, म्हणून हे सकाळीच मोठ्याने सांगा.

सुरक्षेचं : माणशी चार लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, हातमोजे, बंद बूट. आग्या मोहोळाच्या खाली चुलाण, धूर, अत्तर काही नको. सर्पदंशाचं औषध जवळच्या कुठल्या रुग्णालयात आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, कारण प्रत्येक आरोग्य केंद्रात ते असेलच असं नाही. चावल्यावर चिरणं, आवळपट्टी बांधणं बंद. अवयव हलू द्यायचा नाही आणि माणसाला चालवायचं नाही, डोलीने उतरवायचं. 108 ची गाडी पायथ्याच्या कुठल्या गावापर्यंत येते आणि वर मोबाइलला रेंज कुठे मिळते, हे दोन मुद्दे सगळ्या गटप्रमुखांना पाठ हवेत.

तटाखाली :
सगळ्यांचे मनापासून आभार. 1350 घमेल्यांचं गणित डोक्यातच आलं नव्हतं. आणखी दोन प्रश्न. एक, आमच्याकडे एक ज्येष्ठ सभासद आहेत, संस्थेच्या सुरुवातीपासूनचे. ते गटप्रमुखांना डावलून सगळ्यांना हुकूम सोडतात, पोरं वैतागतात. दोन, येणाऱ्यांकडून शुल्क घ्यावं का?

ताकभात :
ज्येष्ठांना सगळ्यांदेखत काही बोलू नका. आधी भेटून त्यांना नेमकी जबाबदारी द्या, जिला हद्द आहे : टाक्याची नोंदवही, किंवा जेवणानंतर पंधरा मिनिटं किल्ल्याचा इतिहास. 'मार्गदर्शक' असं मोघम पद देऊ नका, त्याचा अर्थ ते 'सगळीकडे' असा घेतात. तरीही हुकूम सुटलाच तर गटप्रमुखाने एवढंच म्हणायचं : "काका, बदल असेल तर मला सांगा, मी गटाला सांगतो."

शुल्क घेऊ नका. जेवणाचे पैसे घ्या, तेही जेवणाचे म्हणूनच.

काळाकातळ :
इथे मी असहमत. शंभर रुपये आधी भरून घेतले की येणाऱ्यांचा आकडा खरा निघतो आणि शिधा वाया जात नाही.

ताकभात :
आकडा खरा निघतो, पण माणूस गिऱ्हाईक होतो. 'पैसे भरलेत, गाडी का नाही' हे ऐकायची तयारी ठेवा. आणि पायथ्याच्या गावातली पोरं शंभर भरून त्यांच्याच गडावर का येतील?

पहारपाटी :
गावच्या पोरांना वगळून बाकीच्यांकडून घ्या, मिटला वाद. तटाखाली, पुढच्या मोहिमेआधी दांडे तपासून घ्या. सुकलेले दांडे आदल्या रात्री पाण्यात ठेवले की फुगून घट्ट बसतात. टिकावाचं पातं सुटून उडालं तर मागच्याच्या डोक्यात जातं.