मदत हवी आहे : मुलगा 18 चा झाला, कायदेशीर पालकत्व कसं घ्यायचं?

नमस्कार मंडळी. धाकट्याला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही), सोबत बौद्धिक अपंगत्वही. मार्चमध्ये 18 पूर्ण झाली. घरी शिरा केला, औक्षण केलं, आणि पुढच्याच आठवड्यात बँकेत कळलं की आता त्याचं खातं मला चालवता येणार नाही. काउंटरवरच्या बाईंनी सहीसाठी पेन त्याच्या हातात दिलं. त्याने ते सरळ तोंडात घातलं.

आत्तापर्यंत समजलं ते एवढंच : 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेतल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आहे, निरामय हा आरोग्य विमाही (1 लाखापर्यंतचा) काढलाय.

सांगलीत कुणी हे केलंय का? किती खेपा झाल्या? मुलाला प्रत्यक्ष न्यावं लागतं का? आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्याचं वजन 46 किलो आणि ह्यांची कंबर गेलेली.

आणि एक घरातलं विचारते. थोरली 21 ची आहे, पुण्यात शिकते. फोनवर म्हणाली, "आई, पुढेमागे माझंच नाव लागणार ना, मग आत्ताच घाल की." सासूबाई म्हणतात, स्थळं यायची बंद होतील. हे गप्प. मला स्थळांची फिकीर नाही, पण या वयात तिच्या गळ्यात हे घालावं का? ज्यांच्या घरी असं भावंड आहे त्यांनी काय ठरवलं?

तो दुपारी झोपतो तेव्हाच फोन हातात येतो, उत्तराला उशीर झाला तर राग मानू नका.