वकील पंजाबरावांवर बोलायचं तर काय बोलावं?

नवी_सनद:
27 डिसेंबरला आमच्या बार रूममध्ये भाऊसाहेबांची, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांची जयंती असते. यंदा भाषण माझ्या गळ्यात पडलंय, कारण मी सगळ्यांत ज्युनियर आणि सीनियरांना नाही म्हणायची सोय नाही. दरवर्षीचा साचा मला तोंडपाठ आहे. फोटोला हार, 1898 साली पापळला जन्म, विलायतेची डॉक्टरेट, बॅरिस्टर, शिक्षणमहर्षी, केंद्रीय कृषिमंत्री, चहा.

माझी अडचण अशी की समोर बसलेले सगळे काळे कोट. त्यांच्यापुढे पंजाबराव मांडायचे तर वकील म्हणून मांडावेत असं वाटतं. पण जिथे बघावं तिथे वकिलीबद्दल एकच ओळ, "अमरावतीला वकिली सुरू केली", आणि पुढच्या वाक्यात थेट वसतिगृह. मधला वकील गेला कुठे? दहा मिनिटं आहेत. विशेषणं सुचवू नका, ती सूत्रसंचालक आधीच संपवून टाकतात.

हंगामी_वाचक:
वकिली वकिली करताना शेती गाळू नका म्हणजे झालं. 1952 ते 1962 केंद्रात कृषी खातं, 1955 साली भारत कृषक समाज, 1959-60 मध्ये दिल्लीत भरवलेलं जागतिक कृषी प्रदर्शन. दिल्लीचं शिवाजी कॉलेज 1961 चं, तेही त्यांचंच. आमच्या पिढीला ते नाव आधी अकोल्याच्या कृषी विद्यापीठामुळे कळलं, बॅरिस्टर वगैरे फार नंतर.

पांढरा_बँड:
नवी_सनद, बेटा, पहिली गोष्ट म्हणजे गाजलेला खटला शोधत बसू नको. कोर्टात उभं राहायला त्यांना वर्षं मिळाली किती? 1926 ला परत आले, 1928 ला अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष, 1930 ला मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री. तेवढ्या अवधीत आपल्याकडचा ज्युनियर फार तर व्यवस्थित तारीख मागायला शिकतो. त्यांचा वकील कोर्टात नाही सापडायचा, तो सापडतो ठरावात, बिलात आणि संस्थेच्या कागदात. भाषण तिथून उचल.

विहिरींचं घे. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा या चळवळीत ते होतेच. पण तिथे पुजारी, पंच आणि परंपरा आडवी. देऊळ काही त्यांच्या ताब्यात नव्हतं. कौन्सिलच्या पैशातून खणलेली विहीर मात्र कौन्सिलची. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. आपली सही कुठवर चालते ते आधी पाहायचं आणि तेवढ्या जागेत काम उरकून घ्यायचं, ही माझ्या मते अस्सल वकिली. गावाचं मन वळेपर्यंत थांबले असते तर अजून थांबलेलेच असते.

मग मंत्रिपद. तो काळ द्विदल राज्यपद्धतीचा, म्हणजे प्रांताची खाती दोन बाजूंत वाटलेली. शिक्षण, शेती ही सोपीव खाती देशी मंत्र्यांकडे, आणि तिजोरीच्या किल्ल्या राखीव बाजूला गव्हर्नरच्या माणसांकडे. म्हणजे शाळा काढा म्हणायचं आणि पैसे मात्र मागून घ्यायचे. अशा खुर्चीत बसलेल्या माणसाने 1932 साली देवस्थानांच्या संपत्तीचं बिल आणलं. देवळात साठलेला पैसा समाजाच्या, शिक्षणाच्या कामी यावा हा त्यातला विचार. त्यावर गदारोळ होणारच होता. पण डोकं पाहा कसं चाललं: सरकार पैसा देत नाही, तर पैसा पडून कुठे आहे?

माझा सगळ्यांत आवडता मात्र 1933 चा कर्ज लवाद कायदा. त्याचं श्रेय त्यांना देतात ते उगाच नाही. यावर तीन-चार मिनिटं खर्च कर, कारण समोरचे दिवाणीवाले डोळे उघडून ऐकतील. कर्जदाराने किंवा सावकाराने लवाद मंडळाकडे अर्ज करायचा. मंडळ दोघांना बोलावणार आणि सावकाराला सांगणार, मांड बाबा तुझा हिशेब: किती दिले, किती आले, किती राहिले. मुदतीत हिशेब मांडला नाही तर ते कर्ज फिटलं असंच धरायचं! तडजोड झाली तर लेखी करार, नोंदणी, आणि त्याला हुकूमनाम्याचं, म्हणजे कोर्टाच्या निकालाचं बळ. कर्जदाराने देऊ केलेली वाजवी तडजोड सावकाराने धुडकावली तर मंडळ कर्जदाराच्या हातात दाखला देणार. मग तोच सावकार दिवाणी कोर्टात आला की दाव्याचा खर्च त्याला मिळायचा नाही, पुढच्या व्याजालाही वेसण.

कळली का यातली मेख? सावकाराला कोर्टाचं दार बंद केलेलं नाही. ते केलं असतं तर कायदाच आव्हानात अडकला असता. दार उघडंच ठेवलं, फक्त आत जाणं परवडू नये अशी तजवीज केली. आयुष्यभर वसुलीचे दावे चालवलेल्या माणसाला असलं कलम वाचलं की टोपी काढावीशी वाटते.

पुस्तकी_किडा:
बँडसाहेब, आरती छान झाली. पण वकील पंजाबराव म्हणायचं तर संविधान सभा कशी टाळणार? ऑगस्ट 1949 मधली नागरिकत्वावरची चर्चा काढा. संविधानाच्या मसुद्यामुळे भारताचं नागरिकत्व जगातलं सगळ्यात स्वस्त होईल असं ते म्हणाले, आणि दुरुस्ती काय सुचवली? जो हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या देशाचा नागरिक नाही, तो कुठेही राहत असला तरी भारताच्या नागरिकत्वाला पात्र. ज्यांनी विहिरी खुल्या केल्या, त्यांच्याच लेखणीतून धर्मावर आधारलेली तरतूद. नेहरूंनी विरोध केला, दुरुस्ती नामंजूर झाली. हे पोरीच्या भाषणात येणार की नाही?

पांढरा_बँड:
यावं. मी कुठे नको म्हटलं? फक्त अर्धवट येऊ नये.

त्यांच्या बोलण्यात दोन वेगळे मुद्दे होते. एक, नुसता इथे जन्म झाला म्हणून नागरिकत्व नको. त्यासाठी त्यांनी उदाहरण दिलं की विमानाने जाणारं जोडपं मुंबईला काही तास थांबलं आणि तेवढ्यात बाळ झालं, तर ते बाळ भारतीय ठरायचं. सभागृहात टाळी घेणारं उदाहरण, पण वकील म्हणून मला ते कच्चं वाटतं. मसुद्यात जन्माच्या जोडीला अधिवासाची, म्हणजे इथे कायमचं घर असण्याची अट होतीच. दोन तास थांबलेल्या प्रवाशाला अधिवास कुठला? मुद्दा मात्र अगदी हवेत नव्हता. पुढे 1955 च्या नागरिकत्व कायद्यात जन्माने नागरिकत्व मोकळेपणाने दिलं, आणि नंतर दोनदा आवळावं लागलं. 1 जुलै 1987 पासून आईवडिलांपैकी एक तरी नागरिक हवा, आणि 3 डिसेंबर 2004 पासून त्याहून कडक.

दुसरा मुद्दा धर्माचा. त्यात मी त्यांच्या बाजूने उभा राहणार नाही. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, निर्वासितांचे लोंढे चालू होते, हे सगळं खरं. पण कलमात धर्म लिहिला की तो जखम भरल्यावरही तिथेच राहतो. सभेने दुरुस्ती फेटाळली ते बरंच केलं.

जयंतीला आलेले लोक काही लहान लेकरं नाहीत. भाऊसाहेब इथे पटत नाहीत, असं एक वाक्य बोललीस तर उरलेल्या दहा वाक्यांवर विश्वास बसेल.

नवी_सनद:
बाप रे, हे वाक्य बोलायला धीर लागेल. समोर पहिल्या रांगेत कोण कोण असतं ते तुम्हाला माहीत नाही 😅

कर्ज लवाद घेतेच घेते. आता शिक्षणाचं सांगा. तिथे मला "ज्ञानगंगा दारोदारी नेली" याच्या पुढे जाता येत नाहीये.

माजी_वसतिगृही:
मी वकील नाही, पण शिवाजी संस्थेच्या कॉलेजात शिकलो म्हणून लिहितो. ज्ञानगंगा सोडा, श्रद्धानंद वसतिगृह सांगा. 1926 च्या डिसेंबरात स्वामी श्रद्धानंदांचा खून झाला आणि त्यांच्या नावाने अमरावतीत हे वसतिगृह उभं राहिलं. सगळ्या जातींची पोरं एका छताखाली, एका पंगतीत. त्या काळी शाळा काढणं त्यामानाने सोपं होतं. खेड्यातल्या पोराला शहरात झोपायला आणि जेवायला जागा मिळणं अवघड. जातीकडे पाहून खोली नाकारली की शिक्षण तिथेच संपलं. माझ्या आजोबांसारखे लोक बिनफीच्या शाळेपेक्षा त्या पंगतीबद्दल जास्त बोलायचे.

आणि राजेहो, हे सगळं करणारा माणूस घरातही तसाच होता. 1927 साली विमलाबाईंशी आंतरजातीय लग्न. त्या पुढे राज्यसभेत गेल्या, हेही कोणी सांगत नाही.

पांढरा_बँड:
वसतिगृहींनी बरी आठवण काढली. त्यात वकिलाचा भाग मी जोडतो.

1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली. ती बांधली कशी ते पाहा. घरचा ट्रस्ट केला असता तर कोणी काही म्हटलं नसतं, नाव होतं, वजन होतं. पण संस्था सभासदांची. आजीव सभासद मतदान करतात, अध्यक्ष आणि कार्यकारिणी निवडून येते. त्या निवडणुका किती चुरशीच्या होतात ते अमरावतीच्या चहाच्या टपरीवर कोणालाही विचार. पॅनेल पडतात, आरोप होतात, कोर्टकचेऱ्या होतात. लोक नाकं मुरडतात, शिक्षणात कसलं आलंय राजकारण म्हणतात. मला उलट वाटतं. आपल्याकडे कितीतरी संस्थांत साहेबांनंतर चिरंजीव आणि चिरंजीवांनंतर सूनबाई, तिथे भांडणच होत नाही कारण भांडायला मताचा अधिकारच कोणाला नाही. भाऊसाहेब 1965 च्या एप्रिलमध्ये गेले. इतक्या वर्षांनी अध्यक्षाला मतं मागत फिरावं लागतं, हे मला संस्थेच्या कॉलेजांच्या यादीपेक्षा मोठं वाटतं. त्या यादीत कायद्याचं कॉलेजही आहे, तुझ्या श्रोत्यांतले काही तिथूनच आले असतील, तेव्हा उल्लेख कर. त्यांना बरं वाटेल.

हंगामी_वाचक:
सभासद नवीन किती करून घेतात तेही एकदा विचारा साहेब. मतदान आहे, पण मतदार कोण, हा प्रश्न उरतोच की.

पांढरा_बँड:
रास्त आहे. पण तो प्रश्न विचारता येतो तोही संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, लेखी आहे म्हणूनच.

नवी_सनद:
ठरलं मग. विहिरी एक मिनिट, कर्ज लवाद चार, वसतिगृह आणि संस्थेची घटना तीन, शेती एक (हंगामी_वाचक, तुमच्यासाठी), आणि उरलेल्या मिनिटात नागरिकत्व. ऑक्सफर्डचा वैदिक वाङ्मयावरचा प्रबंध सूत्रसंचालक सांगतीलच.

बँडसाहेब, शेवटचं विचारते. नागरिकत्वाचं वाक्य शेवटी ठेवू की मध्ये?

पांढरा_बँड:
मध्ये. कर्ज लवादानंतर लगेच, श्रोते खूश असताना. आणि संविधान सभेच्या छापील चर्चेतलं ते पान झेरॉक्स करून सोबत ठेव. भाषण झाल्यावर पहिल्या रांगेतला कोणीतरी "असं ते बोललेच नाहीत" म्हणत उठणार, तेव्हा वाद घालू नकोस, कागद पुढे कर.