मदत हवी आहे: "पळून जा" हे खरंच जमतं का?

मंडळी एक शंका आहे, हसू नका. सोसायटीत लेडीजसाठी सेल्फ डिफेन्सचं चार रविवारचं शिबिर झालं, त्यात सर शेवटी म्हणाले की हे सगळे डाव विसरलात तरी चालेल, पहिला उपाय म्हणजे पळणं. पटलं मला. पण माझं वय ४७, डावा गुडघा बोलतो, पायात चप्पल, खांद्याला डबा-लॅपटॉपची बॅग, आणि रात्री साडेनऊला बसस्टॉपपासून घरापर्यंत दहा मिनिटं चालत, त्यात अर्धे दिवे बंद. मी पळून पळून किती पळणार?

मग घरी बिल्डिंगखाली पळून बघितलं (वॉचमन काका घाबरले बिचारे), शंभर पावलांत धाप लागली. अमेरिकेतल्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलिसाने १९८३ मध्ये लिहिलं होतं की चाकूवाला माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर, दीड सेकंदात कापतो. दीड सेकंदात माझी बॅगसुद्धा खांद्यावरून उतरत नाही हो! आणि सोबत आई असेल तर तिला सोडून कुठे पळू?

तर ज्यांच्यावर खरंच वेळ आली त्यांनी सांगा, लांब पळालात की फक्त उजेडातल्या दुकानापर्यंत? बॅग फेकली का? आधी ओरडायचं की आधी पळायचं? ११२ पळता पळता लावता येतो का, की ते नंतर? आणि गुडघेदुखीवाल्यांनी नेमकी काय प्रॅक्टिस करावी?

"रात्री बाहेर पडूच नका" हा सल्ला कृपया नको, नोकरी आहे.