विषय: स्मरणिकेतील झेंड्यांचे पान

प्रेषक: मुद्रितशोधन, मडगाव

संपादक मंडळास सप्रेम नमस्कार.

पणजीच्या छापखान्यातून आलेली स्मरणिकेची मुद्रिते वाचून झाली. परदेशस्थ एलजीबीटी (समलिंगी, उभयलैंगिक आणि ट्रान्स) सभासदांची मनोगते मनापासून आवडली. मात्र त्या पानाच्या चौकटीत त्यांच्या चळवळीचा सहा रंगांचा इंद्रधनुष्यी झेंडा, गुलाबी त्रिकोण आणि फिक्या निळ्या-गुलाबी पट्ट्यांचा आणखी एक झेंडा असे सगळे एकत्र गुंफले आहे. शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ पाठ केलेला कोणताही वाचक विचारील की इंद्रधनुष्याचे रंग सात असताना झेंड्यात सहाच कसे. आपण जे छापतो त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक असावा, म्हणून फोंड्याच्या ताईंनी याविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रेषक: फोंडा

आदरणीय भाई, सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी आणि तिची जोडीदार या दोघीही आपल्या मंडळाच्या सभासद आहेत, त्यामुळे हे पान नीट व्हावे अशी माझी फार इच्छा आहे. तुम्ही विचारलेत, याचा आनंद वाटला.

झेंड्यात मुळात सहा नव्हे आणि सातही नव्हे, तर आठ रंग होते. सॅन फ्रान्सिस्कोतील गिल्बर्ट बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९७८ साली तयार केला आणि २५ जून रोजी तेथील मिरवणुकीच्या दिवशी तो प्रथम फडकला. हे काम कारखान्यात झाले नाही. समाजकेंद्राच्या माडीवर स्वयंसेवकांनी कचऱ्याच्या मोठ्या पिंपांत रंग कालवून सुती कापड बुडवले, पिळले, वाळवले, इस्त्री करून शिवले. प्रत्येक रंगाला बेकर यांनी अर्थ दिला होता: गडद गुलाबी म्हणजे लैंगिकता, तांबडा जीवन, नारिंगी उपचार, पिवळा सूर्यप्रकाश, हिरवा निसर्ग, फिरोजी जादू व कला, पारवा शांतता आणि जांभळा आत्मतेज.

त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला हार्वे मिल्क या उघडपणे समलिंगी असलेल्या लोकप्रतिनिधीची हत्या झाली आणि झेंड्याची मागणी एकाएकी वाढली. गडद गुलाबी कापड तेवढ्या प्रमाणात मिळेना, म्हणून तो पट्टा गेला. १९७९ मध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडा अर्धा-अर्धा लावायचा होता. सात पट्ट्यांचे समान दोन भाग होत नाहीत, म्हणून फिरोजीही गेला आणि पारव्याच्या जागी निळा आला. सहा रंगांमागे एवढीच व्यवहाराची कारणे आहेत.

गुलाबी त्रिकोणाची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे आणि त्याविषयी माझे मत ठाम आहे: तो चौकटीतून काढावा. नाझी छळछावण्यांत कैद्यांच्या गणवेशावर ओळखीसाठी रंगीत त्रिकोण शिवले जात. समलिंगी पुरुषांना गुलाबी, आणि कैदी ज्यू असेल तर त्याच्या जोडीला पिवळा. पुरुषांमधील समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या जर्मन दंडसंहितेच्या कलम १७५ खाली पकडलेल्या अशा ५,००० ते १५,००० पुरुषांना छावण्यांत धाडण्यात आले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. युद्ध संपले तरी त्यांची सुटका खऱ्या अर्थाने झाली नाही, कारण नाझींनी कडक केलेले ते कलम पश्चिम जर्मनीत १९६९ पर्यंत तसेच लागू होते आणि पूर्णपणे रद्द व्हायला १९९४ साल उजाडले. अपमानासाठी लादलेली ही खूण समलिंगी चळवळीने १९७० च्या दशकात स्वतःहून छातीवर लावली. पुढे १९८७ मध्ये, एड्सने माणसे मरत असताना सरकार गप्प होते तेव्हा, न्यूयॉर्कमधील कार्यकर्त्यांनी त्रिकोणाचे टोक वर करून काळ्या भित्तिपत्रकावर छापले आणि खाली लिहिले की मौन म्हणजे मृत्यू. अशी खूण माटोळीला फळे बांधावीत तशी शोभेसाठी लटकवणे मला पटत नाही. छापायचीच असेल तर वेगळी, खाली दोन ओळींच्या माहितीसह छापावी.

फिका निळा, गुलाबी आणि मध्ये पांढरा असा जो झेंडा आहे, तो ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा ज्यांची ओळख वेगळी आहे अशा व्यक्तींचा. अमेरिकन नौदलात नोकरी केलेल्या मोनिका हेल्म्स यांनी तो १९९९ मध्ये रेखाटला. निळा आणि गुलाबी हे मुलगा-मुलगी ओळखण्याचे तिकडचे रूढ रंग. पांढरा हा संक्रमणातून जाणाऱ्यांचा आणि दोन्हींत न बसणाऱ्यांचा. पट्ट्यांची रचना अशी आहे की झेंडा कसाही धरला तरी तो उलटा होतच नाही, आणि हे त्यांनी हेतुपुरस्सर केले. १९९८ चा मायकेल पेज यांचा उभयलैंगिक झेंडा आणि २०१८ चा डॅनियल क्वासार यांचा बाणाकृती पट्ट्यांचा झेंडा यांना या पानावर जागा नाही. मनोगतांतही त्यांचा उल्लेख नाही.

एक भर मात्र जरूर घालावी. आपल्या कोलवाळचे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी २००२ मध्ये जेरोम मॅरेल यांच्याशी फ्रेंच कायद्यानुसार आपले नाते जाहीरपणे नोंदवले, तेव्हा आपल्याकडे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पूर्णपणे लागू होते. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने त्यातून वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी, आणि समलिंगी विवाहाला मान्यता त्याच न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानेही दिलेली नाही. परदेशातील खुणांच्या शेजारी बार्देशातील या धैर्याची नोंद असलीच पाहिजे, असे मला वाटते.

प्रेषक: मुद्रितशोधन, मडगाव

ताई, मनःपूर्वक आभार. चौकट साधी ठेवण्यास आणि त्रिकोण स्वतंत्र छापण्यास छापखान्याला कळवले आहे. सहा रंगांच्या झेंड्यात तांबडा पट्टा वर येईल, हे मी स्वतः पाहीन. त्रिकोणाखालच्या दोन ओळी आणि कोलवाळचा परिच्छेद शुक्रवारपर्यंत आपणच लिहून पाठवावा.