मदत हवी आहे: मार्नरच्या ट्रेडचं गणित मेहुण्याला कसं पटवून देऊ? (आइस हॉकी, टोरांटो)

मिसिसागाकर

नमस्कार मंडळी,

ही बर्फावरची हॉकी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. रस नसेल त्यांनी खुशाल पुढच्या धाग्यावर जावं.

प्रकरण असं. ३० जून २०२५ ला आमच्या टोरांटो मेपल लीफ्सनी मिच मार्नरला वेगास गोल्डन नाइट्सकडे धाडलं आणि बदल्यात निकोला रुआ हा सेंटर (मधल्या जागी खेळणारा आक्रमक) घेतला. मार्नर जाताना ८ वर्षांचा, ९ कोटी ६० लाख डॉलरचा नवा करार खिशात घालून गेला. वर्षाला १ कोटी २० लाख. मार्नर म्हणजे २०१५ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) चौथ्या नंबरवर उचललेला, शेजारच्या मार्कममध्ये जन्मलेला, २०२४-२५ च्या मोसमात १०२ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) काढून अख्ख्या एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या हॉकी लीगमध्ये, पाचवा आलेला माणूस. रुआचे त्याच मोसमात ३१ गुण.

आता माझा मेहुणा. तो कॅल्गरीत असतो आणि तिथल्या फ्लेम्स संघाचा कट्टर भक्त आहे. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर माझी उतरवतोय. त्याचं म्हणणं, "ज्या ब्रॅड ट्रेलिव्हिंगने २०२२ मध्ये आमच्याकडे असताना मॅथ्यू टकाचुकला असाच ८ वर्षांचा करार देऊन फ्लोरिडाला पाठवला, त्याने तेव्हा ह्युबर्डो, वीगर, अजून एक पोरगा आणि पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमध्ये निवडीचा हक्क) आणला होता. या ट्रेडच्या वेळी तोच माणूस तुमचा जनरल मॅनेजर. मग तुम्हाला तिसऱ्या फळीचा एकच सेंटर कसा मिळाला? फसवलं तुम्हाला."

मी म्हणतो, १ जुलैला मार्नर फुकट जाणारच होता, त्यापेक्षा रुआ तर रुआ. पण यापुढे माझी गाडी सरकत नाही. लीफ्सनी ८ वर्षांचा करार केलाच कशाला? वेगासने एक दिवस थांबून त्याला थेट का नाही घेतला? आणि तो नेवाडातल्या (वेगासच्या राज्यातल्या) टॅक्ससाठी गेला म्हणतात, त्यात तथ्य किती?

ऑगस्टच्या लाँग वीकेंडला मेहुणा सहकुटुंब येतोय. तोवर तयारी हवी. बायको तटस्थ आहे, म्हणजे भावाच्या बाजूने.

खडकीवाला

शीर्षकात हॉकी वाचून धनराज पिल्ले डोळ्यांपुढे आणला आणि आत आलो, तर भलताच थंडावा. असो.

भाबडा प्रश्न: २०२३ मध्ये हार्दिक गुजरातकडून मुंबईकडे आला, तसंच आहे ना हे?

हिशेबनीस

@खडकीवाला, नाही. हार्दिकच्या वेळी मुंबईने पैसे मोजले, खेळाडू दिला नाही. एनएचएलमध्ये रोख रक्कम घेऊन खेळाडू विकता येत नाही. बदल्यात खेळाडू द्या नाहीतर ड्राफ्टचे पिक द्या. शिवाय प्रत्येक संघावर पगाराची कॅप, म्हणजे एकूण पगाराची कमाल मर्यादा. २०२५-२६ ची कॅप ९ कोटी ५५ लाख डॉलर आहे, आणि त्यात वीस-बावीस जण बसवायचे असतात.

आता मूळ प्रश्न. मिसिसागाकर, ३० जूनला टोरांटोच्या हातात नेमकं काय होतं ते बघा. मार्नर नव्हता. त्याचा जुना करार (२०१९ चा, ६ वर्षांचा, वर्षाला साधारण १ कोटी ९ लाख) त्या रात्री संपत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कुठेही सही करायला मोकळा. लीफ्सकडे विकण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे आठवं वर्ष.

त्या वेळचा नियम असा की स्वतःच्या खेळाडूला ८ वर्षांपर्यंत करार देता येतो, बाहेरच्या फ्री एजंटला (करार संपून मोकळ्या झालेल्याला) ७ च. वेगासने एक दिवस थांबून त्याला घेतला असता तर ७ वर्षं मिळाली असती. मार्नरला एकूण ९ कोटी ६० लाखच हवे असते तर ७ ने भागून वर्षाला १ कोटी ३७ लाख पडले असते. ८ वर्षांत तेच १ कोटी २० लाखांवर येतात. म्हणजे वेगासची कॅपमध्ये दरवर्षी १७ लाख डॉलरची बचत. शिवाय उघड्या बाजारात दुसरं कोणी आडवं यायची भीती नाही. तेवढ्याची किंमत म्हणजे रुआ. करारावर सही टोरांटोची दिसते, पण त्यातला एक डॉलरही टोरांटोच्या कॅपवर येत नाही.

टकाचुकची गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये तो २४ वर्षांचा, रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट. त्याच्यावर कॅल्गरीचा हक्क अजून शाबूत होता. लांबचा करार करणार नाही असं त्याने कळवलं होतं खरं, पण त्याला मिळवायचं तर कॅल्गरीचाच दरवाजा ठोठवावा लागत होता. म्हणून फ्लोरिडाने भरभरून दिलं. मेहुण्यांनी दोन वेगवेगळे व्यवहार एका तागडीत घातलेत.

कॅल्गरीची_सून

मी मेहुण्यांच्या गावची, त्यामुळे थोडी त्यांची बाजू. त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली आहे. टकाचुकच्या आधी जेमतेम नऊ दिवस, १३ जुलै २०२२ ला, आमचा कै. जॉनी गॉड्रो फ्री एजंट म्हणून कोलंबसला गेला होता. ११५ गुणांचा खेळाडू, आणि फ्लेम्सच्या हाती शून्य. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कोणी धड बोलत नव्हतं. ट्रेलिव्हिंगने ते भोगलंय. म्हणून या वेळी मिळेल ते घेऊन मोकळा झाला, असं मला वाटतं.

आणि हो, ह्युबर्डोचा विषय मेहुणे काढणार नाहीत, तुम्ही काढा. फ्लोरिडात ११५ गुण काढून आलेल्या माणसाला आम्ही ८ वर्षांसाठी वर्षाला १ कोटी ५ लाख देऊन ठेवले. पहिल्या मोसमात ५५ गुण. तो करार २०३१ पर्यंत चालायचा आहे. तिकडे टकाचुक दोनदा स्टॅन्ली कप (एनएचएलचं विजेतेपद) उचलून बसलाय. तेव्हा "भरपूर मिळालं" हे वाक्य फ्लेम्सवाल्यांनी जरा जपून वापरावं. ;)

मिसिसागाकर

@कॅल्गरीची_सून, दंडवत घ्या. हे मी जेवणानंतरसाठी राखून ठेवतो.

@हिशेबनीस, तागडी समजली. पण मेहुणा पुढचा प्रश्न टाकणारच: ३० जूनपर्यंत थांबलात कशाला? आधीच विकायचा होता.

जुना_लीफ

इथे मात्र मेहुणा बरोबर आहे आणि मला त्याचाच राग येतो.

मार्नरच्या करारात नो-मूव्ह क्लॉज होता. तो १ जुलै २०२३ ला लागू झाला. त्यानंतर त्याच्या लेखी होकाराशिवाय त्याला हलवता येत नव्हतं. त्याआधी येत होतं. आणि तेव्हा टोरांटोत काय चाललं होतं? १९ मे २०२३ ला आधीचा जनरल मॅनेजर डुबसला काढला, ३१ मे ला ट्रेलिव्हिंगला आणला. नवा माणूस, हातात एक महिना, आणि संघाच्या सर्वांत महागड्या चौघांपैकी एक विकायचा? कोण करेल? त्या महिन्यात सगळं हातचं गेलं. पुढची दोन वर्षं लीफ्स मार्नरच्या मर्जीवर होते.

यंदा मार्चमध्ये कॅरोलायनाच्या रांतानेनसाठी मार्नरला विचारलं होतं आणि त्याने नकार दिला, अशा बातम्या होत्या. नकार देणं त्याचा हक्क, त्याला दोष नाही. पण किंमत बघा. रांतानेन मग डॅलसला गेला आणि डॅलसनेही त्याला ८ वर्षांचे ९ कोटी ६० लाखच दिले, अगदी तोच आकडा. कॅरोलायनाला मात्र मार्चमध्ये त्याच्या बदल्यात स्टॅनकोव्हन हा खेळाडू आणि पहिल्या फेरीचे दोन पिक मिळाले. तीन-चार महिन्यांत भाव कुठून कुठे येतो ते यावरून कळतं.

बाकी मार्नर गेला याचं दुःख मला फारसं नाही. प्लेऑफमध्ये ७० सामने, ६३ गुण, कागदावर छान. पण नऊ वर्षांत नऊ प्लेऑफ आणि मालिका जिंकल्या दोन. मे महिन्यात फ्लोरिडाविरुद्ध २-० ने पुढे होतो. मग पाचवा सामना घरच्या बर्फावर १-६, सातवाही घरच्या बर्फावर १-६. लोकांनी जर्सी काढून बर्फावर भिरकावल्या. त्या मालिकेनंतर महागड्या चौघांची ही चौकडी तशीच ठेवणं शक्यच नव्हतं.

हिशेबनीस

जर्सी भिरकावण्याला माझा विरोध. एका मार्नरमुळे १-६ होत नाही. आणि ६५७ सामन्यांत ७४१ गुण करणारा विंगर (बाजूने खेळणारा आक्रमक) लीफ्सना पुन्हा कधी मिळतो ते बघूच. रुआ चांगला आहे, ६ फूट ४ इंच, उजव्या हाताचा सेंटर, फेसऑफ (खेळ सुरू करतानाची चकतीसाठीची झुंज) घेतो, शिक्षेमुळे संघात एक जण कमी असताना बचाव करतो, २०२३ चा कप वेगासमध्ये जिंकलाय, वर्षाला ३० लाखांचा करार २०२७ पर्यंत आहे. पण आपल्या गोल करणाऱ्या मॅथ्यूजला पास देणारा तो नाही.

जुना_लीफ

१९६७ पासून कप नाही, हिशेबनीस. पास पुष्कळ पाहिले.

टॅक्सवाली_ताई

टॅक्सबद्दल थोडं, कारण पोटापाण्यासाठी मी रोज हेच करते.

नेवाडात राज्याचा इन्कम टॅक्स नाही हे खरं. ऑन्टारियोत वरच्या टप्प्याला केंद्र आणि प्रांत मिळून ५३.५३ टक्के. फरक मोठा आहे. पण "वेगासमध्ये टॅक्सच नाही" हे चूक. अमेरिकेचा फेडरल टॅक्स वरच्या टप्प्याला ३७ टक्के आहेच. शिवाय बाहेरचे सामने जिथे होतात तिथली बरीच राज्यं त्या दिवसांच्या पगारावर आपापला हिस्सा मागतात. कॅलिफोर्नियात संघ तीन आहेत आणि वेगास त्यांच्याच विभागात, म्हणजे तिकडे वाऱ्या होणारच.

दुसरी बाजूही आहे. कॅनडातले संघ मोठ्या खेळाडूंना बराच पैसा साइनिंग बोनस (करारावर सही केल्याबद्दलची रक्कम) म्हणून देतात. करार करताना खेळाडू अमेरिकेचा रहिवासी असेल तर त्या बोनसवर कॅनडात १५ टक्केच कर, असा दोन देशांच्या कर-करारातला अर्थ लावला जातो. लीफ्सच्या तव्हारेसचा २०१८ च्या बोनसवरून कर खात्याशी नेमका यावरचाच वाद कोर्टात गेलाय. पण मार्नर इथलाच. त्याला ती पळवाट कुठली?

टॅक्समुळे तो गेला असं मी म्हणणार नाही. ज्या गावात हरल्यावर घराबाहेर पहारा ठेवावा लागतो, ते सोडायला कारणं पुष्कळ असतात. नुकताच बाप झालाय तो.

खडकीवाला

आता मला रस वाटायला लागला. ही ८ वर्षांची युक्ती पुढेही चालणार का?

हिशेबनीस

@खडकीवाला, निदान आहे तशी नाही, वर्षं आखूड होणार. ८ जुलैला खेळाडू संघटना आणि लीग यांचा नवा करार मंजूर झाला. तो सप्टेंबर २०२६ पासून लागू होईल. मग स्वतःच्या खेळाडूला ७ वर्षं, बाहेरच्याला ६. दोघांत एका वर्षाचा फरक तसाच राहतो.

वेगाससाठी अजून एक. कॅप २०२६-२७ मध्ये १० कोटी ४० लाख आणि पुढच्या वर्षी ११ कोटी ३५ लाखांवर जाणार आहे. आज १ कोटी २० लाख म्हणजे कॅपच्या साडेबारा टक्के, दोन वर्षांनी साडेदहा. करार संपेल तेव्हा मार्नर ३६ चा असेल. शेवटची दोन-तीन वर्षं रडवतील. पण तोवर कप आला तर तिथे कोणी तक्रार करणार नाही.

मिसिसागाकर

सगळ्यांचे आभार. मेहुण्याला आज रात्रीच टकाचुक आणि मार्नरमधला फरक लिहून पाठवतो. २०२३ चा जून मात्र कबूल करावा लागेल असं दिसतंय.

अवांतर: लेकीकडे १६ नंबरची मार्नरची निळी जर्सी आहे. ती म्हणते, नंबर तोच, फक्त वेगासचा रंग आणा. मिळेल का?

कॅल्गरीची_सून

१६ नाही मिळणार, तिथे तो दोरोफेयेवकडे आहे. मार्नरने ९३ घेतलाय, ज्युनियरला ऑन्टारियोतल्या लंडन नाइट्स संघाकडून घालायचा तोच. टोरांटोत ९३ जुन्या खेळाडू गिलमोरच्या नावाने कायमचा टांगलाय, म्हणून इथे त्याला तो कधी मिळालाच नसता. ऑर्डर देण्याआधी तिला हे सांगा, नाहीतर परत पाठवण्याचा खर्च तुमच्या गळ्यात.