आवाज मागे पडण्याचे कारण रॅम नसावे
संगणकावर संपादित केलेली चित्रफीत पुढे सरकते तसा आवाज ओठांच्या हालचालीच्या मागे पडत जातो, या एका तक्रारीवर संगणकाची रॅम (कामापुरती मेमरी) वाढवण्याचा सल्ला आला आहे. केवळ प्रीव्ह्यू (संपादन करताना दिसणारे चित्र) अडखळत असेल तर तो योग्यच आहे. परंतु निर्यात केलेल्या अंतिम फाइलमध्येही हाच दोष उरत असेल, तर कारण बहुधा मूळ चित्रणातच असते. बरेचसे मोबाइल फोन फ्रेमचा वेग (दर सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या) कमीजास्त करत चित्रण करतात, आणि संपादनाची कित्येक सॉफ्टवेअरे मात्र तो स्थिर असल्याचे गृहीत धरतात, त्यामुळे सुरुवातीला नगण्य वाटणारा फरक लांबलचक चित्रणात चांगलाच खटकू लागतो.

फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून 'फ्रेम रेट मोड'पुढे 'व्हेरिएबल' (बदलता) असे दिसते का, हे आधी पाहावे. तसे असल्यास हँडब्रेक या चित्रफिती रूपांतरित करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (स्थिर वेग) निवडून वेग फोनमध्ये ठेवला होता तोच, म्हणजे सेकंदाला 30 किंवा 60 फ्रेम, द्यावा आणि चित्राची गुणवत्ता ठरवणारा आरएफ हा आकडा 18च्या आसपास ठेवावा (हा आकडा जितका लहान तितके चित्र चांगले, हे थोडे उलटेच आहे). फाइल बरीच फुगेल, पण ती पुढे निर्यात करताना पुन्हा एकदा एन्कोड (संकुचित) होणार असल्याने येथे जागेची काटकसर करू नये. हे रूपांतर कापाकापीपूर्वीच उरकावे, कारण टाइमलाइनवरची (संपादनाच्या पट्टीवरची) फाइल नंतर बदलल्यास आधी केलेले कट जागेवरून सरकू शकतात.